गिरणीच्या वर

पावती अजून पर्समध्ये आहे.
वर्षाचे शंभर. नाव कानडीत लिहिलंय,
आडनावात एक काना जास्त.
‘मातृभाषा’च्या पुढची जागा मीच मोकळी ठेवली.
हत्तरगी बाईंनी बघितलं, पेनाला टोपण लावलं,
‘बर्री, कूडरी’ म्हणाल्या.
बसले.

वडगावातनं चालत अर्धा तास लागतो.
माग विकल्यापासनं संध्याकाळी पायांना काम नाही.
दोन माग, भंगाराच्या भावानं.
अठ्ठावीस वर्षांचा खडखडाट टेम्पोत चढला
आणि टेम्पोवाला म्हणाला, दोर आहे काय घरात?
त्या रात्री पहिल्यांदा घड्याळ ऐकू आलं.
खरं सांगायचं तर तेच सोसेना म्हणून आले.
सिनेमाचं वेडबीड काही नव्हे.

हॉल गिरणीच्या वर आहे.
खाली ज्वारी पडली की पडद्याची कड थरथरते
आणि पुढच्या मुलांच्या डोक्यांवरनं
उजेडाचा जो पट्टा जातो, त्यात पीठ तरंगतं.
जन्मभर पीठ मळलं,
असं निवांत उडताना कधी बघितलं नव्हतं.
निम्मा वेळ पडद्याऐवजी तेच बघत होते.

सिनेमा कुठल्याशा बर्फाच्या देशातला.
खाली ओळी इंग्रजीत.
मी तिसऱ्या शब्दाला पोचते तोवर
बोलणारी बाई खोलीतनं निघून गेलेली.
मग वाचणं सोडून दिलं.
हात बघितले.
ती बाई मागावर बसायची, हातमाग, खिडकीशी.
नवरा समुद्रावर. बाहेर कुत्रं, आणि पांढरं पांढरं सगळं.

दिवे लागले, चहा आला, भांडण सुरू झालं.
मिनेझिस डॉक्टर, दातांचे, म्हणाले शेवट ढिला आहे.
नझीर मुल्ला म्हणाले, तुमच्या दाढेसारखा घट्ट कशाला पाहिजे?
कॉलेजची दोन पोरं हमरीतुमरीवर,
बाई मेली की नुसती गेली.
कानडीत प्रश्न, मराठीत उत्तर,
कोपऱ्यातनं कोण तरी हिंदीत हसलं.
आमच्या गावात इतक्या भाषांत भांडण
आणि भाषेवरनं नव्हे,
मला घरी जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

‘मावशी, तुम्हाला काय वाटलं?’

कानशिलं तापली.
म्हटलं, तिनं तुटलेला धागा बांधला ना,
ती गाठ चुकीची आहे.
फणीतनं जाणार नाही. अडकणार, परत तुटणार.

खालची गिरणीही नेमकी तेव्हाच थांबली.

डॉक्टर म्हणाले, दिग्दर्शकाची चूक.
असेल, म्हटलं. नाही तर
तिला ते कापड पुरं करायचंच नसेल.

हत्तरगी बाईंनी सिनेमा मागं नेला.
ती गाठ आम्ही तीनदा बघितली.
तिसऱ्यांदा तर ती बाई
माझ्याकडंच बघून हात आखडती घेतेय असं वाटलं.

‘मग बरोबर गाठ कशी असते?’
मेल्याची की गेल्याची बाजू घेणारा तो, चष्म्याचा पोरगा.
धागा कुठला इथं! खालनं पोत्याची सुतळी आणली,
खरखरीत, बोटाएवढी जाड.
बोटांनी ती कधी बांधून टाकली कळलंही नाही.
‘परत, मावशी, सावकाश.’
सावकाश जमेना.
पहिल्यांदा डावं टोक खाली की वर?
हाताला कधी विचारलंच नव्हतं.
दोनदा चुकले. तिसऱ्यांदा झाली ती
बघितली तर त्या सिनेमातल्या बाईची गाठ.
पोरगा लिहून घेत होता.
मी काही बोलले नाही.

सुतळी पर्समध्ये घातली, पावतीजवळ.
परतताना अनगोळच्या वळणावर
कुठल्या तरी घरात माग चालू होता, एकटाच.
थांबले जरा. मग कुत्री भुंकायला लागली.

पुढच्या रविवारचा तीन तासांचा आहे म्हणे.
‘बोलणं फार नाही त्यात,’ हत्तरगी बाई म्हणाल्या.
म्हटलं, मग मी पुढच्या रांगेत बसते.